बंद केल्यावर बोलणारी गाडी

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, धाडला माझ्या साडूच्या ओट्यावर मी दोन लाख पंधरा हजार रुपये रोख दिले आणि एक जुनी पांढरी गाडी घेतली. हजर माणसं चार: मी, माझी बायको सुनंदा, तिची धाकटी बहीण मंदा आणि मंदाचे यजमान प्रल्हादराव, म्हणजे माझे साडू. गाडी त्यांचीच, नऊ वर्षं वापरलेली. पैसे मी तीनदा मोजले. प्रल्हादरावांनी एकदाही मोजले नाहीत. (हे मला तेव्हाच खटकलं होतं. न मोजता पैसे घेणारा माणूस एक तर फार भला असतो, नाहीतर त्याला माल खपवायची घाई असते.)

"साडूभाऊ," ते म्हणाले, "पंधरा दिवस चालवा. नाही पटली तं पंधराव्या दिवशी आणून लावा इथंच. पैसे जशेच्या तशे परत."

मी "बरं" म्हणालो आणि वहीत तारीख टाकून ठेवली.

गाडी चालू असताना एकही वावगा आवाज करत नाही, हे मी कुठल्याही कोर्टात सांगायला तयार आहे. धाडहून बुलढाणा, तिथून घाट उतरून मोताळ्याला आमचं घर, असे साधारण पन्नास किलोमीटर ती आली, पण कुरकूर म्हणून केली नाही. तिचं जे काही म्हणणं असतं ते ती बंद केल्यावर सांगते!

घरासमोर कडुनिंबाखाली गाडी लावली. वेळ बारा चाळीस. ऊन असं की कावळासुद्धा सावली सोडून बसलेला नव्हता. चावी फिरवली, काढली, खिशात घातली, दार लावलं आणि मागं वळलो, तर गाडी म्हणाली, "घुर्रर्रर्र!"

मी चावी खिशातून काढून पाहिली. चावी माझ्याकडेच होती.

"सुनंदा, गाडी बंद नाही झाली."

"चावी तुमच्या हातात आहे नं?"

"आहे."

"मंग बंद आहे."

बायकांचं हे असं असतं. एका पुराव्यावर निकाल! मी पुन्हा आत बसलो, गाडी चालू केली, पुन्हा बंद केली. घुर्रर्र चालूच. दोन मिनिटं दहा सेकंदांनी ते आपोआप थांबलं. मी सुटकेचा श्वास घेणार, तोच खालून आवाज आला, "टक्." मग "टक्, टक्." मग पुढच्या बाजूनं "गुळ्, गुळ्," जसा कोणी तांब्यानं गटागट पाणी पितोय. आणि शेवटी मी वाकून खाली पाहिलं, तर पोटाखालून थेंब थेंब पाणी गळत होतं.

दोन लाख पंधरा हजारांत मला पंखा, घड्याळ, हंडा आणि गळका नळ मिळाला होता.

"जेवाले चला," सुनंदा दारातून म्हणाली. "ते थंडी होऊन राह्यली असन. तुम्ही नाही का बाहेरून आले की धा मिनिटं हाश्शहुश्श करत?"

मी जेवायला बसलो, पण घास काही उतरेना. भाकरीचा तुकडा मोडला की बाहेर "टक्", वरणात बोट घातलं की बाहेर "टक्". तिसऱ्या घासाला मी ताटावरून उठलो.

आता माझा धंदा सांगितला पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. मी मोताळ्याला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर आहे. बावीस वर्षं झाली. भरलेली गाडी काट्यावर येते, रिकामी होऊन परत येते, मधला फरक तो माल. लोक मला बाबू म्हणतात. कोणाच्या तोंडावर मी विश्वास ठेवत नाही, काट्यावर ठेवतो. त्यामुळं पहिल्या दिवसापासून मी आवाजांची वही घातली. पालथ्या बादलीवर गाडीशेजारी बसायचं, मनगटावरचं घड्याळ समोर धरायचं आणि लिहायचं. घुर्रर्र किती मिनिटं, टक् किती वेळा, गुळगुळ किती, पाणी किती कप (खाली पातेलं लावून, चहाच्या कपानं मोजून). पहिल्या दिवशी टक् एकसष्ट, पाणी सव्वादोन कप. दुसऱ्या दिवशी टक् अठ्ठावन्न. तिसऱ्या दिवशी चौसष्ट!

"वाढून राह्यलं," मी सुनंदाला वही दाखवली.

"तुमचं वाढून राह्यलं," ती म्हणाली.

शेजारी तायडेकाका राहतात. बत्तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झाले. मला बादलीवर बसलेलं पाहून ते स्वतःची खुर्चीच घेऊन आले.

"काय चालू आहे बाबू?"

"ऐका."

त्यांनी ऐकलं. डोळे मिटून, मान हलवत. "हे बरं नाही," ते म्हणाले.

"काय बरं नाही?"

"हे आवाज. आपण बत्तीस वर्ष गाडी चालवली. एसटीचं कसं, चालू असली की अख्ख्या गावाले मालूम, अन् बंद केली का बंद. गपगार. डेपोत शंभर गाड्या उभ्या राहत, पण एक चूं नाही करत."

"मंग हे काय असन?"

"आतमंदी काहीतरी सुटलेलं आहे. अन् ते हळूहळू खाली येऊन राह्यलं." त्यांनी बोटानं वरून खाली रेघ ओढून दाखवली. "टक्, टक्, टक्. जिना उतरल्यावानी."

त्या रात्रीपासून माझ्या गाडीतलं काहीतरी जिना उतरू लागलं. पायऱ्या किती, हे फक्त मला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी मी हमीदभाईंकडे गेलो. बसस्टँडमागं त्यांचं गॅरेज आहे. मी मुद्दाम तीन चकरा मारून, गाडी तापवून नेली. बंद केली. हमीदभाईंनी बॉनेट उघडलं, कान दिला आणि हसायला लागले.

"बाबूजी, लोहा आहे हो. गरम झालं का फुगते, थंडं झालं का आकसते. तेची टकटक. पंखा आहे तो इंजिन थंडं कराले फिरते, बंद केल्यावरबी फिरते. पाणी आहे एसीचं. गुळगुळबी पाण्याचीच. काही झालं नाही. जा घरी, आराम करा."

"काही खोलून पाहत नाही?"

"कायले खोलू? चांगली आहे."

"बरं. किती झाले?"

"कायचे?"

"तपासल्याचे."

"अरे बाबूजी! कान लावल्याचे काय पैशे घेऊ?"

इथं माझा सगळा विश्वास उडाला. अर्धं मिनिट कान लावणार, फुकट सांगणार आणि मी ते खरं मानू? पावती नाही, सही नाही, शिक्का नाही. उद्या इंजिन पडलं तर दाखवू काय? हमीदभाईंचं हसणं?

म्हणून सहाव्या दिवशी रजा टाकून मी बुलढाण्याला मोठ्या गॅरेजात गेलो. काचेचं दार, आत गारवा, बसायला सोफा, पाणी द्यायला माणूस. इथं नक्की काहीतरी निघेल असं वाटलं. त्यांनी गाडी आत नेली, तिला एक कॉम्प्युटर लावला आणि मला पावणेदोन तास बसवलं. पावणेदोन तासांत गाडी थंडगार. मी आत जाऊन पाहिलं तर ती पाहुण्यांसमोर शहाणी पोरगी बसावी तशी गप्प उभी.

"आवाज कोणता म्हणाले तुम्ही?" तिथल्या पोशाखवाल्यानं विचारलं.

"टक्."

"कधी होतो?"

"बंद केल्यावर."

"आता तर बंदच आहे."

"आत्ता नाही होत. आत्ताच बंद केल्यावर होतो."

त्यानं कॉम्प्युटरचं एक बटण दाबलं. मग एक छापील कागद दिला. दोष आढळला नाही. रुपये एक हजार एकशे ऐंशी. आता या कागदावर मी विश्वास ठेवायला हरकत नव्हती, पण ज्यांनी आवाज ऐकलाच नाही त्यांना दोष आढळेल कसा? फुकटात ऐकणारा आणि पैसे घेऊन न ऐकणारा, दोघंही माझ्या कामाचे नव्हते.

घरी सुनंदानं कागद वाचला आणि घडी करून माझ्या हातात दिला. "आता तं झालं समाधान?"

"नाही. मी पंधराव्या दिवशी गाडी परत करणार. प्रल्हादरावांनी हे आवाज लपवले."

ती पोळपाट सोडून उठली. पिठाचे हात तसेच. सुनंदा मोठ्यानं बोलत नाही, पण त्या दिवशी ती फारच हळू बोलली, म्हणून मी घाबरलो.

"हे पाहा. मले बाप नाही, माय नाही. भाऊ देवानं देला नाही. वर्षातून दोनदा पिशवी भरून मी कुठं जातो? मंदाच्या घरी. माहेर म्हणून माह्याजवळ तेवढंच आहे. तुम्ही तिच्या नवऱ्याले त्याच्या ओट्यावर खोटा म्हणसान, मंग मी कोणत्या तोंडानं जाऊ? तुमच्या टकटकीपायी माह्यं माहेर बुडवू नका."

"पण खोट असली तर?"

"असली तं वापरू. मी नाही का वापरून राह्यली?"

(हे ती कशाबद्दल म्हणाली ते मी विचारलं नाही.)

आता माझी खरी तगमग सुरू झाली. गाडी ठेवावी तर इंजिन पडेल, परत करावी तर बायकोचं माहेर जाईल. मला पक्का पुरावा पाहिजे होता. असा, की प्रल्हादराव स्वतःच म्हणतील, "साडूभाऊ, चुकलं." आणि नवव्या दिवशी, काट्यावर हरभऱ्याची ट्रॉली मोजत असताना, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काही सुटलं असेल, गळत असेल, जिना उतरून खाली पडत असेल, तर वजन कमी होणार! आणि वजन काढायचं यंत्र तर मी रोज पुढ्यात घेऊन बसतो!

नवव्या दिवशी गाडी काट्यावर घेतली. खाली उतरलो (माझे एकाहत्तर किलो त्यात नकोत), वजन घेतलं, पावती काढली: सातशे ऐंशी. अकराव्या दिवशी पुन्हा घेतली.

सातशे साठ.

मी काट्याला हात लावून उभा राहिलो. वीस किलो! दोन दिवसांत वीस किलो गायब! आता मी काही आंधळेपणानं आरोप करणारा माणूस नाही. दोन दिवसांत जळालेलं पेट्रोल मी अडीच किलो धरून वजा केलं. डिकी तपासली. स्टेपनी जागेवर, जॅक जागेवर. तरी साडेसतरा किलो बेपत्ता.

त्या दिवशी दुपारची सुटी झाल्यावर मी जिनिंगपासून घरापर्यंतचा दोन किलोमीटर रस्ता पायी चालत आलो. मान खाली, एकदा डाव्या कडेनं, मग परत जाऊन उजव्या कडेनं. नेमका आठवडी बाजाराचा दिवस. बैलगाड्या, जीपा, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया. मला रस्त्यात सापडलेल्या वस्तू: एका पायातली चप्पल, बैलाचा एक नाल, कपाशीच्या बियाण्याची रिकामी पिशवी. एका ओळखीच्या माणसानं मोटारसायकल थांबवली.

"काय हारपलं बाबू?"

"साडेसतरा किलो."

"काय साडेसतरा किलो?"

"तेच पाहून राह्यलो."

त्यानं मोटारसायकल उभी केली आणि तोही शोधायला लागला. दहा मिनिटांत आम्ही सहा जण होतो. एकानं विचारलं, जितराब आहे का, बकरू-बिकरू? दुसरा म्हणाला, तूर असेल, पिशवी फाटली असेल. तिसऱ्यानं गटारात काठी घालून पाहिली. तायडेकाका बाजारातून कांदे घेऊन येत होते, त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. "इंजिनाचा तुकडा आहे. जिना उतरून गेला." मग मात्र पांगापांग झाली. लोक माझ्याकडे बघून गप्प होऊन जात होते, जसं आजारी माणसाच्या घरून निघताना होतात.

पंधरावा दिवस रविवारी आला. सुनंदा सोबत यायला तयार झाली, पण एका अटीवर.

"पाणी पिऊन झाल्याबिगर विषय काढायचा नाही."

"कबूल."

"अन् खोटा हा शब्द वापरायचा नाही."

"कबूल. तफावत म्हणतो."

घाट चढून, बुलढाणा ओलांडून, साडेअकराला धाड. प्रल्हादराव ओट्यावरच बाज टाकून बसलेले होते. आम्हाला पाहून उठले, पण आमच्याकडे न येता गाडीकडे गेले. तिच्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "या." मंदा बहिणीला घेऊन आत गेली. माझ्यापुढं पाणी आलं. ते मी अकरा सेकंदांत प्यालो.

आणि विषय काढला.

वही उघडली. "पहिला दिवस. घुर्रर्र दोन मिनिटं दहा सेकंद. टक् एकसष्ट. पाणी सव्वादोन कप. दुसरा दिवस..." असे चौदा दिवस वाचले. प्रल्हादराव ऐकत होते. सहावा दिवस वाचताना त्यांनी बाजेवर मांडी बदलली, एवढंच. मग मी काट्याच्या दोन पावत्या त्यांच्यासमोर ठेवल्या.

"हे काय?"

"वजन. नवव्या दिवशी सातशे ऐंशी. अकराव्या दिवशी सातशे साठ. मी काही म्हणत नाही प्रल्हादराव. फक्त तफावत आहे."

प्रल्हादराव उठले. आत गेले. आले तेव्हा त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. ती त्यांनी बाजेवर माझ्यापुढं ठेवली. मी आत पाहिलं. माझ्याच नोटा. माझेच रबर बँड. पहिल्या दिवशी मी जशा बांधून दिल्या तशाच.

"हात नाही लावला. पंधरा दिवसाचा शब्द देला होता. मोजून घ्या अन् चावी ठेवा."

आवाज रागाचा नव्हता. तोच तर घोटाळा होता! रागावले असते तर मी वही पुन्हा पहिल्यापासून वाचली असती. दारात सुनंदा येऊन उभी होती. तिच्या मागं मंदा, हातात पन्ह्याचे पेले. सुनंदानं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला, निघायच्या आधी घेते तसा. मला एकदम दिसलं की ही बाई आता या घरातून उठून जाईल आणि पुन्हा येणार नाही, आणि त्याचं कारण लोक विचारतील तेव्हा मी सांगणार, "टक्."

तेवढ्यात अंगणातून आवाज आला.

"टक्."

सगळ्यांनी माना वळवल्या. गाडी नुकतीच घाट चढून आलेली, तापलेली, उन्हात उभी.

"टक्. टक्."

प्रल्हादरावांनी बोट वर केलं. "थांबा. आता तीन येतात लागोपाठ."

टक्, टक्, टक्.

"आता दम घेते."

तिनं दम घेतला.

"आता एक मोठी. ते मागची, सायलेन्सरची."

"टण्!" गाडी म्हणाली.

मी वही पाहिली. चौदा दिवसांत मी आठशेच्या वर टकटकी मोजल्या होत्या, आणि त्यातली एक मोठी असते हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं!

मंदा पन्ह्याचे पेले घेऊन पुढं आली आणि तिनं हनुवटीनं नवऱ्याकडे दाखवलं. "दाजी, एक सांगू? गाडी गेल्यापासून यायले दुपारची झोप नाही. वावरातून येत, गाडी लावत, ह्या बाजेवर आडवे होत, अन् ती टकटक थांबेपर्यंत यायचं घोरणं सुरू. नऊ वर्ष! आता पंधरा दिवसापासून नुसते कुशी बदलते. परवा मले म्हणते, मंदे, घर मुकं झालं."

"तू चूप बस," प्रल्हादराव म्हणाले, पण कान लाल झाले होते.

"मंग हा आवाज बिघाडाचा नाही?" मी विचारलं.

"साडूभाऊ, पंखा फिरला म्हणजे इंजिनाले जपून राह्यली. घाटानं आली अन् पंखा नाही फिरला, तं घाबरा. पाणी पडलं म्हणजे एसी चांगला. लोखंड बोललं म्हणजे थंडं होऊन राह्यलं. ज्या दिवशी काहीच नाही बोलली, त्या दिवशी मले फोन करा."

"हे तुम्ही पहिल्याच दिवशी काऊन नाही सांगतलं?"

"सांगणार होतो. तुम्ही तिसऱ्यांदा मोजत होते. म्हटलं, मधात बोललो तं आकडा चुकन."

इथं कोणीही शहाणा माणूस थांबला असता. मी थांबलो नाही. माझा शेवटचा हुकमी पत्ता शिल्लक होता.

"आवाजाचं ठीक आहे. पण वजनाचं काय? काटा खोटं बोलत नाही. वीस किलो कुठं गेले?"

प्रल्हादरावांनी दोन्ही पावत्या उचलल्या. डोळ्यांजवळ नेल्या. आणि मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. पण ते हसू काही चांगलं नव्हतं.

"मागच्या दिवाळीत मी कापूस कुठं आणला होता साडूभाऊ?"

"आमच्या जिनिंगला."

"धाडहून मोताळ्याले पन्नास किलोमीटर ट्रॉली आणली. काऊन? घरचा माणूस काट्यावर आहे म्हणून. बुलढाण्यात मोजून निघालो होतो. तुमच्या इथं वीस किलो कमी भरला. मी तुम्हाले विचारलं. तुम्ही काय म्हणले?"

मी मंदाच्या हातातला पन्ह्याचा एक पेला घेतला.

"सांगा नं. काय म्हणले?"

मी काय म्हणालो होतो ते मला चांगलं आठवत होतं, कारण बावीस वर्षं मी रोज तेच म्हणतो. आमचा काटा वीस-वीसच्या टप्प्यानं आकडा दाखवतो. मधलं वजन असलं की जवळचा आकडा धरतो. एक-दोन किलोच्या फरकानंसुद्धा आकडा वीसनं खाली उडी मारतो. गाडीतलं अडीच किलो पेट्रोल जळालं, तेवढ्यानंच तो घसरला होता. हे मी हजारो शेतकऱ्यांना समजावलं होतं. फक्त स्वतःला सांगायचं राहिलं होतं!

"मी म्हणलो..." मी वही मिटली, "...वीस किलो इकडं-तिकडं चालते."

"हाव," प्रल्हादराव म्हणाले. "साडू म्हणून मी चूप बसलो. घरात सांगतलंबी नाही."

मंदानं नवऱ्याकडे पाहिलं. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. दोघींचं ते पाहणं एकाच आईनं शिकवलेलं होतं, हे तेव्हा मला पटलं.

सुनंदा ओट्यावर आली. पिशवी उचलली, पुन्हा बांधली आणि मंदाच्या हातात दिली. "हे तुमचं. गाडी आमची. हा विषय इथं संपला." मग माझ्याकडे वळली. "वीस किलो कापसाचे किती होते हो?"

चूप बसायचं सोडून मी सवयीनं बोलून गेलो. "सात हजारांचा भाव होता. चौदाशे."

"द्या."

"सुनंदा, तो काटा मालकाचा आहे, माझा नाही..."

"मंदा माही आहे. द्या."

प्रल्हादराव "राहू द्या, राहू द्या" म्हणत होते, पण हात मात्र त्यांनी मागं घेतलेले नव्हते. मी पाकीट काढलं. चौघं बघत होते. (चौथा मीच, आणि मीच सगळ्यात वाईट नजरेनं बघत होतो.) पाचशेच्या दोन काढल्या, शंभराच्या तीन, पन्नासची एक, वीसची एक, दहाची एक. नोटा मंदाच्या हातात दिल्या आणि आयुष्यभर काट्यावर म्हणत आलो ते म्हणालो, "मोजून घे. मागून तक्रार चालणार नाही."

मंदानं मोजल्या. एकदा. मग बहिणीकडे बघून पुन्हा एकदा. प्रल्हादरावांनी बाजेवर अंग टाकलं होतं आणि बाहेर गाडीची शेवटची टकटक चालू होती, त्यांचा डोळाही लागत आला होता.

"दाजी," मंदा हळूच म्हणाली, त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून, "असू द्या. वीस इकडं-तिकडं चालते."

शेवटी दिले: एक हजार तीनशे ऐंशी रुपये, रोख, मेहुणीला. मी स्वतः मोजून.